मांड पक्की, संघ घाईत: पुण्याजवळच्या एका राइडिंग स्कूलची मुलांची बॅच

राइडिंग स्कूल पारखायचं तर आधी पागेत जावं. इथली पागा बघून मन निवतं. लिदीचा साचलेला वास नाही, भुश्याचं अंथरूण कोरडं, पाण्याच्या बादल्या घासलेल्या. नालबंद दर सहा आठवड्यांनी येतो, त्यामुळे नालाबाहेर वाढलेलं खूर कुठे दिसत नाही. बहुतेक घोडे रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे. लहानांसाठी मात्र दोन शांत तट्टं ठेवलीत, आणि याचं कौतुक करायलाच हवं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला १६ हँड, म्हणजे सुमारे १६३ सेंमी उंचीच्या घोड्यावर बसवलं की त्याची टाच खोगिराच्या चामड्यावरच राहते. मूल पाय मारून दमतं आणि घोड्याला काही कळतच नाही.

तासिका ४५ मिनिटांची, पण मुलांना २० मिनिटं आधी बोलावतात. खरारा मानेकडून पुठ्ठ्याकडे, केसांच्या दिशेने. खूर उकरायच्या आकडीने टाचेकडून टोकाकडे साफ करायचं, मधल्या मऊ पुतळीला आकडी लागू द्यायची नाही. खोगिराखालचं पॅड थोडं पुढे ठेवून मागे सरकवायचं, म्हणजे केस उलटे दबत नाहीत. तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर बांधायचा पट्टा, मात्र एकदम आवळायचा नाही. बरेच घोडे त्या वेळी छाती फुगवतात. दोन-चार पावलं चालवलं की तोच तंग सैल पडतो. इथे तो तीनदा बघतात: जमिनीवर, स्वार होण्याआधी आणि पाच मिनिटं पायचाल झाल्यावर. ही तिसरी वेळ पुष्कळ ठिकाणी गाळली जाते, मग वळणावर खोगीर पोटाकडे फिरतं आणि मूल खाली येतं. रिकिबीचं मापही मुलंच घेतात. रिकिबीचा पट्टा खोगिराला अडकतो तिथे बोटं टेकवायची, रिकीब काखेत आली की लांबी साधारण बरोबर.

पहिल्या आठ तासिका लंजवर. प्रशिक्षक लांब दोरीवर घोडा गोल फिरवतो, मुलाच्या हातात लगाम नसतो, नंतर नंतर पायात रिकीबही नसते. पालकांना हे कंटाळवाणं वाटतं. आमच्या मते या शाळेचं खरं बळ हेच आहे. लगामाला लोंबकळून तोल सांभाळायची सवय एकदा लागली की ती सोडवायला वर्ष जातं. मांड बसल्यावरच दुडकीत उठबस शिकवतात: बाहेरचा खांदा पुढे जाताना उठायचं. मुलाला खाली न बघता ते जाणवायला लागेपर्यंत पुढचा धडा नाही.

एवढा भक्कम पाया घालून पुढे संघाच्या नावाने घाई का करतात, हे समजत नाही. ज्युनियर नॅशनल या मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं स्वप्न दाखवून चार-पाच महिनेच शिकलेल्या मुलांना ७०-८० सेंमीच्या उड्यांवर नेलं जातं. त्याआधी जमिनीवरच्या बांबूंवरून पुरेशी दुडकी व्हायला हवी. बांबूंमधलं अंतर मोठ्या घोड्याला सुमारे १.३ मीटर, तट्टाला त्याहून कमी. इथे दोघांना एकच मांडणी असते. तट्टू ओढून पावलं टाकतं, बांबूला ठेचकाळतं आणि मूल त्याच्या मानेवर येतं. दोन उड्यांमध्ये एक चौखूर ढांग हवी असेल तर साधारण ७.३ मीटर ठेवतात. मोठ्या माणसाची ९० सेंमीची आठ पावलं. हे मोजायला मुलांना शिकवत नाहीत, कोर्स, म्हणजे उड्यांचा क्रम, नुसता पाठ करून घेतात.

उडीपुढे घोडा अडला की चाबूक, हाही चुकीचा धडा. बहुतेक वेळा कारण वर बसलेलं असतं: मुलाची नजर अडथळ्याच्या पायाशी, लगाम ऐनवेळी सुटलेला, किंवा मागच्या उडीत तोंडाला बसलेला झटका. उडी मारली की तोंड दुखतं, एवढं घोड्याच्या पक्कं लक्षात राहतं. घोड्याच्या गळ्यात एक साधा पट्टा बांधून मुलाला तो धरायला सांगितला तर निम्मं दुखणं जाईल.

सांघिक जंपिंगमध्ये चार स्वार असले तर उत्तम तिघांचे गुण धरतात. बांबू पडला तर चार दंडगुण, घोड्याने उडी नाकारली तर पहिल्या नकाराला चार, दुसऱ्या नकाराला स्वार बाद. म्हणजे चौघांपैकी तिघांनी सावकाश, नीट फेरी पूर्ण करणं वेगापेक्षा मोलाचं. सराव मात्र स्टॉपवॉच लावून चालतो. ड्रेसाजला, म्हणजे सपाट रिंगणात ठरलेल्या चाली आणि वळणं नेमकी करून घेण्याला, तर महिन्यातून एकच तास. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताने ४१ वर्षांनी घोडेस्वारीत सुवर्ण मिळवलं ते ड्रेसाजच्या संघाने, आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. २० बाय ४० मीटरच्या चौकटीत गोल वर्तुळ काढता येणारं मूल उडीकडेही सरळ येतं.

हेल्मेट शाळा देते, पण स्वतःचं घ्यावं. आत ईएन १३८४, व्हीजी १ किंवा एएसटीएम एफ ११६३ असं मानक छापलेलं असावं. सायकलचं चालत नाही, डोक्याची मागची बाजू उघडी राहते. पट्टा लावून हेल्मेट हलवलं तर कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. जोरात आपटलेलं हेल्मेट दिसायला धड असलं तरी बदलावं. बूट छोट्या टाचेचे हवेत. सपाट स्पोर्ट्स शूज रिकिबीतून पार जातो आणि पडल्यावर पाय अडकतो. इथे ते चालवून घेतात, हे बंद व्हायला हवं.

एका खोगिरावर दोन घोडे भागवणंही थांबवायला हवं. मूल बसल्यावर खोगीर आणि घोड्याच्या खांद्यावरचा उंचवटा यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. तपकिरी घोडीच्या बाबतीत ती राहत नाही. तिथले केस पांढरे झालेत, म्हणजे दाब जुना आहे.

रिंगणावर छप्पर नाही. वाळूचा निचरा बरा असला तरी जुलै-ऑगस्टमध्ये बऱ्याच तासिका बुडतात आणि त्या पुढच्या महिन्यात धरल्या जात नाहीत. सुरुवातीच्या सहा महिन्यांसाठी प्रवेश जरूर घ्यावा, शक्यतो ऑक्टोबरमध्ये. संघाच्या यादीत नाव देण्याआधी मुलाला रिकिबीशिवाय दहा मिनिटं दुडकी करायला सांगावं, आणि त्या वेळी त्याच्या हातांकडे बघावं.