टोरिकच्या नावाखाली साध्या लेन्स

नव्या कॉन्टॅक्ट लेन्स घातल्यावर नीट दिसेना, तरी तीन आठवडे मी स्वतःच्या डोळ्यांनाच दोष देत होतो. "होईल सवय," असं दुकानदार म्हणाला होता, आणि मी सवय व्हायची वाट बघत बसलो.

माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर मायनस २.५०, त्यात सिलिंडर मायनस १.७५, अ‍ॅक्सिस, म्हणजे त्या सिलिंडरची दिशा, १८०. डावाही जवळपास तसाच. बुबुळाचा गोलवा सगळीकडे सारखा नसला की असा सिलिंडर नंबर लागतो आणि त्याला टोरिक, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वेगळा नंबर असलेली, लेन्स घ्यावी लागते, एवढं मला ठाऊक होतं. मागितलीही तीच. पैसे टोरिकचे घेतले, म्हणजे साध्या लेन्सपेक्षा जास्त. हातात मात्र खोकं न देता सुटी पाकिटं दिली. "खोकी उगाच जागा अडवतात हो!"

पाट्यांवरच्या अक्षरांना सावली, रात्री प्रत्येक दिव्याला शेपूट. तक्रार केली की उत्तर तयार: टोरिक लेन्स डोळ्यात फिरते, स्थिरावायला वेळ घेते. हे अर्धं खरं असल्यामुळेच मी गप्प बसलो. फिरते, पण घातल्यावर काही मिनिटांत जागेवर बसते. आठवडे नाही लागत.

शेवटी दुसरीकडे तपासायला गेलो. टोरिक लेन्सवर दिशा कळण्यासाठी बारीक खुणा असतात, काहींना खाली, काहींना दोन्ही बाजूंना. तपासणाऱ्या बाईंना माझ्या लेन्सवर एकही दिसेना. न उघडलेलं पाकीट होतं, त्याच्या फॉइलवरचं आम्ही वाचलं: पॉवर मायनस ३.२५, बेस कर्व्ह (लेन्सचा गोलवा) ८.६, व्यास १४.२. सिलिंडर, अ‍ॅक्सिस काहीच नाही.

३.२५ कुठून आले, तेही बाईंनी उलगडून दाखवलं. सिलिंडरचा निम्मा आकडा मूळ नंबरात मिळवला की ३.३७५ होतात, ते ओढून ३.२५ वर आणायचे. सिलिंडर अगदी थोडा असेल तर तज्ज्ञही असं करतात, पण सांगून करतात, आणि साध्या लेन्सचेच पैसे घेतात. माझ्या डोळ्याला एका दिशेत २.५० हवेत, तिच्या काटकोनात ४.२५. मग ३.२५ दोन्हीकडे चुकणारच.

तेव्हा फॉइल फाडण्याआधी वाचा. टोरिक असेल तर त्यावर सिलिंडर आणि अ‍ॅक्सिस छापलेले असतातच. आकडे चिठ्ठीशी ताडून बघा. सुटी पाकिटं घेऊच नका. एकदा फाडलेलं कोणी परत घेत नाही.

माझ्या न उघडलेल्या लेन्सचे पैसे बऱ्याच हुज्जतीनंतर मिळाले, वापरलेल्यांचे बुडाले. "नजरचुकीनं झालं," म्हणाला. ताईनं त्याच्याकडूनच जवळचं-लांबचं दोन्ही दिसणाऱ्या मल्टिफोकल लेन्स घेतल्या होत्या. घरी येऊन आधी तिचं खोकं बघितलं. सीलबंद, आणि त्यावर अ‍ॅडचा, म्हणजे जवळचं दिसण्यासाठीच्या जादा नंबरचा, आकडा नीट छापलेला. घेताना तिनं दुकानातच उभं राहून तो मोठ्यानं वाचला होता म्हणे.