गार्डेव्होर ईएक्सची लाइन: भाव मधलीचा बघा

पोकेमॉनच्या पत्त्यांमध्ये एकाच पोकेमॉनच्या एकावर एक चढणाऱ्या रूपांच्या पत्त्यांना लाइन म्हणतात. ‘ही लाइन कशी आहे?’ असं कुणी विचारलं, की लोक शेवटच्या पत्त्यावरचे आकडे वाचून दाखवतात. एचपी (म्हणजे जीव) किती, हल्ला केवढ्याचा, झालं परीक्षण. राल्ट्स, किर्लिया, गार्डेव्होर ही लाइन मी भाच्याबरोबर खऱ्या पत्त्यांनी खेळते आणि रिटर्न भरायचा हंगाम नसला की रात्री मोबाइलवरही. माझं मत ठाम आहे. स्टेज 2 ची, म्हणजे तीन पायऱ्यांची, कुठलीही लाइन तोलायची तर आधी मधला पत्ता हातात घ्यावा.

तरी रिवाज म्हणून शेवटच्या बाईंपासून सुरुवात करते. गार्डेव्होर ईएक्स 31 मार्च 2023 ला ‘स्कार्लेट अँड व्हायोलेट’ संचात आली. 310 एचपी, हल्ला तीन एनर्जींत (हल्ल्याला लागणारे इंधनाचे पत्ते) 190. हा हल्ला मी जवळजवळ कधीच वापरत नाही. ती मेली तर समोरच्याला दोन प्राइझ (बक्षिसाचे पत्ते, सगळे घेतले की डाव जिंकला) जातात आणि डार्कनेस प्रकारासमोर ती कमजोर आहे, मार दुप्पट बसतो. त्या प्रकारच्या चारिझार्ड ईएक्सचा मूळ हल्लाच 180 चा, तो दुप्पट झाला की 360. म्हणजे पुढे बसवली की एका फटक्यात गेली. तिची जागा बेंचवर, म्हणजे लढणाऱ्याच्या मागच्या रांगेत.

बेंचवर बसून ती जे करते त्याला तोड नाही. सायकिक एम्ब्रेस ही तिची क्षमता: डिस्कार्डमधली (टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगातली) साधी सायकिक एनर्जी उचलायची, आपल्या कुठल्याही सायकिक पोकेमॉनला लावायची आणि त्याच्यावर 20 नुकसान ठेवायचं. एकाच टर्नमध्ये वाटेल तितक्या वेळा. अट एवढीच, की त्या 20 ने तो पोकेमॉन मरता कामा नये. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा तोट्याचा व्यवहार वाटला होता. पण ड्रिफ्लून नावाचा फुगा आहे, त्याचा हल्ला त्याच्या स्वतःच्या अंगावरच्या दर काउंटरमागे (एक काउंटर म्हणजे 10 नुकसान) 30 मारतो. फुग्याचे एचपी 70. ब्रेव्हरी चार्म हा जोडपत्ता लावला की 120. पाच वेळा एम्ब्रेस केलं की अंगावर 100 नुकसान, म्हणजे दहा काउंटर, म्हणजे 300 चा हल्ला.

आता समोर चारिझार्ड बसलाय, 330 एचपीचा. तीस कमी पडतात. इथे मंकिडोरी हा आणखी एक पोकेमॉन कामाला येतो. त्याला एक डार्क एनर्जी लावलेली असली, की आपल्या एका पोकेमॉनवरचे तीन काउंटर उचलून तो समोरच्याच्या अंगावर टाकतो. फक्त ते फुग्यावरून उचलायचे नाहीत, नाहीतर फुग्याचाच हल्ला उतरतो. आधी गार्डेव्होरने स्वतःलाच दोनदा एम्ब्रेस करायचं, तिच्यावर 40 झाले की त्यातले 30 चारिझार्डवर ढकलायचे आणि मग फुगा फोडायचा. तीनशे अधिक तीस, हिशेब चोख. समोरच्याचे दोन प्राइझ आपल्याकडे आणि बदल्यात त्याने फुगा मारला तर आपला एकच जातो. फुग्यावरच्या एनर्जी डिस्कार्डमध्ये पडतात, म्हणजे पुढच्या टर्नला पुन्हा वापरायला मोकळ्या. दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवणाऱ्या बाईला यात काय सुख मिळतं ते विचारू नका.

पण हे सगळं चालायला डिस्कार्डमध्ये एनर्जी हव्यात आणि हातात पत्ते हवेत. ते काम किर्लियाचं होतं. नोव्हेंबर 2022 च्या ‘सिल्व्हर टेम्पेस्ट’मधली किर्लिया, क्षमता रिफाइनमेंट: एक पत्ता टाका, दोन ओढा. टाकलेला पत्ता सायकिक एनर्जी असला तर तो वाया जात नाही, एम्ब्रेससाठी जमा होतो. बेंचवर दोन-तीन किर्लिया बसल्या की हात कधी कोरडा पडत नसे. भाचा ओरडायचा, ‘मावशी, गार्डेव्होर राहू दे, त्या किर्लियांना मार आधी!’ पोरगं बरोबर होतं.

एप्रिल 2025 मध्ये कोपऱ्यात एफ अक्षर छापलेले जुने पत्ते स्टँडर्डमधून, म्हणजे स्पर्धांच्या नेहमीच्या प्रकारातून, बाहेर गेले आणि ही किर्लियाही गेली. गार्डेव्होरच्या पत्त्यात एक अक्षर बदललं नाही, तरी लाइन वेगळीच झाली. त्यानंतर किर्लिया म्हणजे नुसती पायरी उरली. एनर्जी टाकायला अल्ट्रा बॉल आणि अर्थन व्हेसल या, हातातले पत्ते टाकायला लावणाऱ्या पत्त्यांकडे बघत बसावं लागलं. त्याच वर्षी ॲनाहाइमच्या जागतिक स्पर्धेत मोठ्यांचं विजेतेपद गार्डेव्होरच्याच डेकने घेतलं, हे खरं आहे. पण ते हात वेगळे. माझ्यासारख्या रविवारच्या खेळाडूला डेक तेव्हापासून अडखळत चालतो आणि एखादा डाव पत्त्यांविना तसाच संपतो.

दुसरी अडचण वेगाची. ठेवल्या त्याच टर्नला पोकेमॉन इव्हॉल्व्ह होत नाही, म्हणजे पुढच्या रूपात चढत नाही, त्यामुळे सरळ चालीने गार्डेव्होर तिसऱ्या टर्नलाच. रेअर कँडी या मधली पायरी गाळणाऱ्या पत्त्याने दुसऱ्यावर येते. तोवर राल्ट्स उघड्यावर. समोर ड्रॅगापल्ट ईएक्स असेल तर त्याचा हल्ला पुढच्याला 200 मारून वर सहा काउंटर बेंचवर हवे तसे वाटतो. एखादी राल्ट्स गेलीच समजा. म्हणून चार राल्ट्स ठेवायच्याच. दोन गार्डेव्होर ईएक्स पुरतात. किर्लिया नुसती पायरी राहिली म्हणून लोक दोनवर उतरतात, ते मला पटत नाही. कँडी हातात येईलच याची हमी कोण देणार? तीन ठेवा.

सप्टेंबर 2025 मध्ये मेगा गार्डेव्होर ईएक्स आली. 360 एचपी, आणि आपल्या सगळ्या पोकेमॉनवर जितक्या सायकिक एनर्जी तितके पन्नास असा हल्ला. जुनीने एनर्जी लावायच्या, नवीने मारायचं, ऐकायला झकास. मेली तर तीन प्राइझ जातात, आणि दोघी चढतात त्याच किर्लियावरून. मी एक ठेवून बघितली, काढून टाकली. त्या जागी दुसरा मंकिडोरी घातला.

विकत घेणार असाल तर सोनेरी चकचकीत पाकिटांच्या नादी लागू नका. आमच्या इथल्या एका दुकानाने मला असली म्हणून गार्डेव्होर विकली. कड बघितली तर आतला काळा थर नव्हता आणि उजेडात धरल्यावर आरपार दिसत होतं. ही लाइन आपल्याला झेपते का हे आधी मोबाइलवर बघा, पोकेमॉन टीसीजी लाइव्ह फुकट आहे. तिथे आठवडाभर फुग्याचा हिशेब न चुकता जमला, तरच पाकिटाला हात घाला.