झोटेरोवर आठ महिने: मराठी पुस्तकं, शके आणि ‘तत्रैव’

निकाल आधीच सांगतो. तळटीपा आणि संदर्भ सांभाळायला झोटेरो या संगणकावरच्या प्रोग्रामसारखं दुसरं फुकट साधन नाही. मराठी पुस्तकांची माहिती आपोआप भरून मिळेल या आशेवर मात्र ते घेऊ नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांना ज्या अडचणी येतात त्या सातवी आवृत्ती वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हींवर चालवून पाहिल्या. त्या अडचणी आणि त्यांवरचे तोडगे खाली दिले आहेत.

पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाची, त्यामुळे पहिला गुण तिथला. सगळा साठा आपल्याच संगणकावर राहतो. नेट नसलं तरी नोंद भरता येते, तळटीप टाकता येते. नेट आलं की झोटेरोच्या सर्व्हरशी सिंक होतं. तिथे नोंदींना मर्यादा नाही, पीडीएफसारख्या फाइलींना ३०० एमबीपर्यंत जागा फुकट. पुस्तकांच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो जोडत गेलात तर ही जागा बघता बघता भरते. आणि ‘झोटेरो’ हे फोल्डर ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवू नका. दोन संगणकांवरून एकाच वेळी उघडलं गेलं की डेटाबेस बिघडतो. आठवड्यातून एकदा प्रोग्राम बंद करून ते अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी केलं की झालं.

आता नोंदी. जादूच्या कांडीचं बटण दाबून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावरचा ओळख-क्रमांक, टाकला (भारतीय पुस्तकांचा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो) की इंग्रजी पुस्तकाची नोंद बहुधा तयार मिळते. मराठी पुस्तक सापडलंच तर अनेकदा अमेरिकी ग्रंथालयांच्या पद्धतीने रोमन लिपीत येतं, अक्षरांवर रेघा, खाली टिंबं, आणि बऱ्याच आडनावांच्या शेवटी एक जास्तीचा ‘अ’. खांडेकरांचे ‘खांडेकरा’ होतात. ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा शीर्षकपृष्ठ समोर ठेवून हाताने भरणं लवकर होतं. जुन्या पुस्तकांना तर आयएसबीएन नसतोच. माहिती मुखपृष्ठावरून घेऊ नका, आतलं शीर्षकपृष्ठ आणि त्याच्या मागचं पान बघा. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक तिथेच कळतो. ‘तिसरी आवृत्ती १९८४, पुनर्मुद्रण २००९’ असं असेल तर आवृत्तीच्या रकान्यात ३, आणि वर्ष कोणतं द्यायचं ते मार्गदर्शकांशी एकदा ठरवून सगळीकडे तेच.

वर्ष इंग्रजी आकड्यांतच भरा. देवनागरी आकडे तारखेच्या रकान्यात ओळखले जात नाहीत. यादीत वर्षाचा स्तंभ कोरा दिसला तर कारण हेच. जुन्या पुस्तकांवर नुसतं शके असतं. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन ७९. महिना छापलेला नसेल तर शके १८३७ म्हणजे १९१५-१६, नुसतं १९१५ नव्हे. मूळ शके ‘एक्स्ट्रा’ रकान्यात लिहून ठेवा, तोंडी परीक्षेत विचारतात. नवी प्रत वापरून जुन्या ग्रंथाचा संदर्भ देत असाल तर त्याच रकान्यात इंग्रजीत ‘ओरिजिनल-डेट’, कोलन आणि मूळ वर्ष अशी ओळ टाका. एपीए या संदर्भ देण्याच्या शैलीच्या सातव्या आवृत्तीत मग दोन्ही वर्षं येतात. याच एपीएने प्रकाशनस्थळ काढून टाकलंय हेही लक्षात असू द्या. मराठीच्या बऱ्याच मार्गदर्शकांना ‘पुणे’, ‘मुंबई’ हवंच असतं. स्थळाचा रकाना तरीही भरा, शैली बदलली की उपयोगी पडतो.

सगळ्यात जास्त वेळ लेखकांच्या नावांनी खाल्ला. आडनाव आणि नाव असे दोन रकाने असतात, शेजारच्या बटणाने त्यांचा एक करता येतो. मालगुंडचे केशवसुत एका रकान्यात, हे सरळ आहे. ‘आरती प्रभु’ मात्र फसवतं. दोन रकान्यांत टाकलंत तर ‘प्रभु’ आडनाव होऊन बसतं, म्हणून तेही एकाच रकान्यात. कविता त्या नावाने आणि गद्य चिं. त्र्यं. खानोलकर या नावाने, तर दोन्ही जशी छापली आहेत तशीच ठेवा आणि यादीत एक ओळीची टीप हाताने लिहा. काहीजण प्रत्येक नाव ‘खांडेकर, वि. स.’ असं एकाच रकान्यात भरतात, यादी झकास दिसते म्हणून. पण मग मजकुरातल्या कंसातही नुसतं ‘खांडेकर’ न येता सगळं लांबलचक नाव येतं. दोन रकानेच बरे. एका नोंदीत ‘वि. स.’ आणि दुसरीत ‘वि.स.’ असं झालं तर झोटेरो त्यांना दोन माणसं समजतं आणि वेगळी ओळखता यावीत म्हणून मजकुरात आद्याक्षरं घुसवतं. टंकलेखनाचाही असाच घोळ: ‘ॲ’ एका अक्षरात लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र जोडूनही, ‘कऱ्हाडे’मधला ऱ्हसुद्धा दोन तऱ्हांनी. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोध मात्र रिकामा येतो. एकच कीबोर्ड वापरा.

कोकणावर लिहिणाऱ्यांना गॅझेटिअर, म्हणजे इंग्रजी अमदानीतला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, लागतंच. मुंबई इलाख्याचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडी, १८८०. कुलाबा-जंजिरा अकरावा, १८८३. ब्राउझरच्या बटणाने वेबवरून घेतलंत तर प्रकार ‘वेब पेज’ होऊ शकतो आणि वर्ष भलतंच येतं. प्रकार ‘बुक’ करा, खंड शीर्षकात न टाकता खंडाच्या रकान्यात टाका. कुलवृत्तांतांना बहुतेक वेळा संपादक असतो, लेखक नसतो. नावाशेजारच्या यादीतून ‘एडिटर’ निवडा, नाहीतर घराण्याची सगळी वंशावळ संपादकाने एकट्याने रचली असं छापून येईल. दिवाळी अंकातला लेख नियतकालिकात टाका आणि अंकाच्या रकान्यात ‘दिवाळी’ लिहा.

छापून येणाऱ्या शब्दांचं काय? इंग्रजी शैली घेतली की देवनागरी मजकुरात रोमन ‘पी.’ आणि ‘एड.’ डोकावतात. झोटेरोतच शैली-संपादक आहे. शैलीची प्रत करा, तिचं नाव आणि आयडी दोन्ही बदला (न बदलल्यास पुढच्या अपडेटमध्ये तुमचं काम पुसलं जातं), आणि ‘पृ.’, ‘संपा.’, ‘आवृत्ती’, ‘आणि इतर’, ‘तत्रैव’ हे शब्द भरा. ‘तत्रैव’ म्हणजे आधीच्या टिपेतलंच पुस्तक. शिकागो शैलीच्या सतराव्या आवृत्तीने त्याऐवजी लघुसंदर्भाचा आग्रह धरलाय, मराठीत अजून ‘तत्रैव’च चालतं. आणि खरी मजा इथेच. हाताने टाकलेल्या दोन ‘तत्रैव’च्या मध्ये नवी तळटीप घुसली की पुढचा संदर्भ गुपचूप भलत्याच पुस्तकाकडे जातो. झोटेरो तो आपणहून सुधारतं. परिच्छेद उचलून दुसऱ्या प्रकरणात टाका, तरी बिघडत नाही. सगळा त्रास सोसायचा तो एवढ्यासाठीच.

दोन गोष्टी जमत नाहीत. एका दस्तऐवजाला शब्दांची एकच भाषा, त्यामुळे इंग्रजी पुस्तकापुढेही ‘पृ.’ येतं. आणि मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिके अशी विभागलेली सूची आपोआप होत नाही. प्रत्येक विभागाचं झोटेरोत वेगळं कलेक्शन (कप्पा) करून त्यातून सूची काढायची आणि चिकटवायची.

डीटीपीवाल्याकडे फाइल देताना सांभाळा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात मजकूर गेला की तळटीपांचे झोटेरोशी असलेले सगळे दुवे तुटतात. वर्डचे दुवे लिबरऑफिसला तसेच कळत नाहीत. आधी ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मधून दुसऱ्या प्रोग्रामसाठी फाइल तयार करावी लागते. सगळं संपल्यावर फाइलची प्रत काढा, त्या प्रतीतच ‘अनलिंक सायटेशन्स’ने हे दुवे काढून टाका आणि मग आकडे देवनागरीत बदला, इंग्रजी सूची सोडून. मूळ फाइल जपून ठेवा. परीक्षकांच्या दुरुस्त्या तिच्यातच कराव्या लागतात.