आयएसआयचा शिक्का पाहून घेतलेली दोन हेल्मेट

नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस राज्याच्या वाहतूक पोलिसांनी दुचाकीवर मागे बसणाऱ्यांच्या हेल्मेटबाबतही कडक कारवाई करण्याचे आदेश दिले आणि पुण्यात हेल्मेटसक्तीची जुनी चर्चा पुन्हा सुरू झाली. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चालवणाऱ्याइतकेच मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, हे त्या निमित्ताने अनेकांना नव्याने कळले. मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, रोज मोटारसायकलने शाळेत जातो, आणि हेल्मेट घालावे की नाही याबद्दल माझ्या मनात कधीही शंका नव्हती. माझ्या हेल्मेटला मात्र सात वर्षे झाली होती, आतले अस्तर झिजून त्याचा भुगा केसांत अडकू लागला होता, आणि पत्नीकडे तर हेल्मेट नव्हतेच. महिन्यातून एकदा आम्ही दोघे गाडीवरूनच साताऱ्याला सासुरवाडीला जातो. तेव्हा दोघांसाठी एकदमच नवीन हेल्मेट घ्यावीत, असे ठरवून आम्ही एका शनिवारी बाजारात गेलो.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण हा अनुभव ज्यांना सांगितला त्यांच्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न 'रस्त्यावरून घेतलेत का?' हाच होता. आम्ही पदपथावर दोरीला टांगलेली हेल्मेट घेतली नाहीत. शहराच्या मध्यवर्ती भागात दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानांची एक मोठी रांग आहे, तिथल्या एका पक्क्या दुकानात आम्ही गेलो. दुकानाला पाटी होती, भिंतीला आरसा होता, काचेच्या कपाटात एका प्रसिद्ध कंपनीची हेल्मेट ओळीने मांडलेली होती आणि बाहेर गर्दीही होती, कारण त्या आठवड्यात सगळ्यांनाच दुसरे हेल्मेट हवे होते.

दुकानदाराने दाखवलेल्या हेल्मेटवर त्याच कंपनीचे नाव आणि मागे आयएसआयचा शिक्का होता. छापील किंमत १,८५० रुपये होती. "सर, दोन घेताय ना, मग दोन्हींचे मिळून पंधराशे द्या. कंपनीचाच माल आहे, फक्त खोके नाही म्हणून स्वस्त पडतो," असे तो म्हणाला. माझ्या चेहऱ्यावरची शंका त्याला दिसली असावी. त्याने एक हेल्मेट जमिनीवर पालथे ठेवले आणि तो सरळ त्यावर उभा राहिला. हेल्मेटला काहीही झाले नाही. भोवतीच्या दोनतीन गिऱ्हाइकांनी मान डोलावली, आणि मीही डोलावली.

याच ठिकाणी माझी चूक झाली आणि तिचे मला आजही वाईट वाटते, कारण जे मी नववीच्या वर्गात फळ्यावर आकृत्या काढून शिकवतो, तेच मला त्या क्षणी आठवले नाही. हेल्मेटचे बाहेरचे कवच टणक असते ते मार पसरवण्यासाठी आणि टोकदार वस्तू आत घुसू नये म्हणून. डोके वाचवण्याचे खरे काम आतला जाड थर्माकोल करतो. आघात होताच तो चेपला जातो, त्या चेपण्यात आघाताची ऊर्जा खर्च होते, आणि डोके एका क्षणात थांबण्याऐवजी किंचित अधिक वेळ घेऊन थांबते. तो किंचित वेळच मेंदूला वाचवतो. हेल्मेटवर सावकाश उभे राहिल्याने फक्त कवच वजन पेलते एवढेच सिद्ध होते. पालथी घातलेली जाड प्लास्टिकची बादलीही माणसाचे वजन पेलते, पण म्हणून ती कोणी डोक्यावर घालून महामार्गावर जात नाही. ही युक्ती अनेक दुकानांत वापरली जाते असे मला नंतर समजले. दुकानदार हेल्मेटवर उभा राहून दाखवू लागला, तर त्या हेल्मेटविषयी आपल्याला अजून काहीही कळलेले नाही, असेच धरून चालावे.

बिल मागितल्यावर तो म्हणाला, "पक्के बिल केले तर जीएसटी वर पडेल, सर. कशाला उगाच? काही झाले तर मी इथेच आहे ना." त्याने वहीतल्या कागदावर आकडा लिहून दिला. त्या कागदावर दुकानाचे नावही नव्हते. पैसे मी मोबाइलवरून दिले. क्यूआर कोड वाचल्यावर दुकानाऐवजी एका व्यक्तीचे नाव आले, ते मी पाहिले आणि सोडून दिले.

त्यानंतरचे तीन आठवडे माझी पत्नी तेच हेल्मेट घालून माझ्या मागे बसत होती. त्या काळात आम्ही एकदा खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्याला गेलो आणि परत आलो. आज त्या प्रवासाची आठवण आली की मला अस्वस्थ व्हायला होते.

फसवणूक उघडकीस आली ती आमच्या इमारतीच्या वाहनतळात. पत्नीचे हेल्मेट गाडीच्या सीटवरून घसरून शहाबादी फरशीवर पडले. उंची जेमतेम अडीच फूट असेल. काचेचा एक बाजूचा स्क्रू निघाला, कवचाला कानाच्या बाजूने बोटभर लांब चीर गेली, आणि आतले कापडी अस्तर सुटून हातात आले. अस्तरामागे जे दिसले ते मी नीट लिहून ठेवतो. थर्माकोल होता, पण दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यात असतो तसा. अंगठा दाबताच त्याचे दाणे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे एकेक सुटून बोटांना चिकटत होते. मोजपट्टी लावली तेव्हा त्याची जाडी ९ मिलिमीटर भरली. टाळूच्या जागी थर्माकोल मुळीच नव्हता, तिथे स्पंजाचा एक चौकोनी तुकडा डिंकाने चिकटवलेला होता. डोक्याचा जो भाग सर्वांत वर असतो, तिथे माझ्या पत्नीच्या डोक्यात आणि रस्त्यात केवळ प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा आणि स्पंज एवढेच होते.

मी दोन्ही हेल्मेट घेऊन आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. तो माझा जुना विद्यार्थी. त्याने हनुवटीचा पट्टा दोन हातांनी धरून एक हिसका दिला, तसा पट्टा रिव्हेटसकट कवचातून बाहेर आला. "सर, हे डोक्यावर राहिलेच नसते. पडायच्या आधीच उडून गेले असते," एवढेच तो म्हणाला, आणि मग त्याने फळीवरून एक जुने हेल्मेट काढून माझ्या हातात दिले. ते त्याच्या एका गिऱ्हाइकाचे होते, जो अपघातातून चालत घरी गेला होता. बाहेरून त्यावर फक्त ओरखडे होते. आत मात्र डाव्या बाजूचा थर्माकोल तळहाताएवढ्या भागात खोल दबलेला होता, ओल्या मातीत मूठ दाबावी तसा. दबला नव्हता तिथे त्याची जाडी २८ मिलिमीटर होती आणि नखाने टोकरूनही त्याचा एक दाणा सुटत नव्हता. एकदा दबलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही, म्हणून मोठा मार बसलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलावेच लागते, हेही त्याने सांगितले. दोन्ही हेल्मेट शेजारी ठेवल्यावर मला आणखी काही विचारावे लागले नाही.

त्या रात्री मी शिक्क्याकडे पहिल्यांदा लक्षपूर्वक पाहिले. खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, हेल्मेटसाठी तो आयएस ४१५१, आणि चिन्हाच्या खाली सीएम/एल या अक्षरांपुढे उत्पादकाचा परवाना क्रमांक असतो. माझ्या हेल्मेटवर हे दोन्ही होते, त्यामुळे केवळ 'शिक्का पाहून घ्या' हा सल्ला पुरेसा नाही हे मला तिथेच कळले. भारतीय मानक ब्यूरोचे 'बीआयएस केअर' नावाचे मोफत अॅप आहे, त्यात परवाना क्रमांक टाकला की तो कोणाचा आहे, कोणत्या वस्तूसाठी आहे आणि चालू आहे की नाही, हे दिसते. मी क्रमांक टाकला. परवाना निघाला तो वेगळ्याच उत्पादकाचा, आणि त्याची मुदतही संपलेली होती. ज्या प्रसिद्ध कंपनीचे नाव हेल्मेटवर ठळक अक्षरांत होते, तिचा त्या क्रमांकाशी काहीही संबंध नव्हता. हेल्मेट बनवल्याचा महिना आणि वर्ष कुठेच छापलेले नव्हते. शिक्का नखाने उचकटला तर अख्खा निघून आला.

१ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवण्यास आणि विकण्यास केंद्र सरकारच्या आदेशाने बंदी आहे. तो आदेश योग्यच आहे. पण माझ्या मते त्यामुळे भेसळीचे रूप बदलले आहे: पूर्वी बिनशिक्क्याचे हेल्मेट उघडपणे विकले जाई आणि घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत ते निदान ठाऊक असे, आता खोट्या हेल्मेटवर खोटा शिक्का येतो आणि सावध माणूसही फसतो. मुदत संपलेल्या किंवा रद्द झालेल्या परवान्यांवर माल काढला जातो, ही केवळ माझी शंका नाही. दिल्लीत अशाच उत्पादकांकडून २,५०० हून अधिक हेल्मेट जप्त केल्याची माहिती केंद्र सरकारने २०२५ मध्ये दिली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तेव्हा मालकाने आधी "हा माल आमचा नाहीच" असे सांगितले. मोबाइलवरचा व्यवहार दाखवल्यावर ते नाव आपल्या कामगाराचे असल्याचे तो म्हणाला, आणि शेवटी "बदलून देतो, दुसरे उचला" असे म्हणत त्याच फळीवरचे हेल्मेट पुढे केले. मी ते घेतले नाही. पैसे परत मिळाले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली तेव्हा पहिला प्रश्न बिलाचा आला, आणि माझ्याकडे नाव नसलेला कागद होता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या दाव्याला ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, ही सोय चांगली आहे. पण विकणारा कोण, हेच कागदावर नसेल तर दावा उभा करणे फार कठीण जाते. जीएसटी वाचवण्याच्या नावाखाली त्याने माझ्याकडून जो काढून घेतला, तो माझा एकमेव पुरावा होता. बीआयएस केअर अॅपमधूनही मी छायाचित्रांसह तक्रार केली आहे. खोटे चिन्ह वापरणाऱ्याला भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान २ लाख रुपये दंड होऊ शकतो, तेव्हा ही तक्रार प्रत्येकाने करावी अशी माझी कळकळीची विनंती आहे, पैसे परत मिळोत अथवा न मिळोत.

नवीन हेल्मेट घेताना आम्ही घाई केली नाही. घरीच शिवणकामाच्या टेपने भुवयांच्या किंचित वरून डोक्याचा घेर मोजला, कारण प्रत्येक कंपनीचा 'मध्यम' आकार वेगळा असतो आणि 'फ्री साइज' हा शब्दच संशयास्पद आहे. आमच्या खोट्या हेल्मेटना तोच आकार सांगितला होता. दुकानात पैसे देण्याआधी परवाना क्रमांक अॅपमध्ये तपासला. दुकानदाराला त्याचे काही वाटले नाही, उलट त्यानेच क्रमांक मोठ्याने वाचून दाखवला. मग अस्तर बाजूला करून टाळूजवळचा थर्माकोल बोटाने दाबून पाहिला, पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ढकलून पाहिले, आणि ते डोक्यावरून निघत नाही याची खात्री केली. पत्नीने ते दहा मिनिटे दुकानातच घालून ठेवले. गाल दाबले जात होते, पण कपाळावर कुठे टोचत नव्हते. पक्के बिल घेतले, त्यावर मॉडेल आणि आकार लिहून घेतला. दोन हेल्मेटना मिळून ३,४०० रुपये लागले.

ती दोन खोटी हेल्मेट भंगारवाल्याने मागितली होती. मी दिली नाहीत, कारण काच बदलून आणि फवारा मारून ती पुन्हा कोणाच्या तरी डोक्यावर गेली असती. एक हेल्मेट मेकॅनिककडच्या करवतीने मधोमध कापले आणि दुसऱ्याचे पट्टे तोडून कवच हातोड्याने फोडले. कापलेले अर्धे हेल्मेट आता शाळेच्या प्रयोगशाळेत, त्या अपघातातून वाचलेल्या हेल्मेटच्या शेजारी ठेवले आहे. ते मेकॅनिकने आपणहून शाळेला दिले. अकरावीत गेलेली आमची मुले नवी गाडी घेतल्यावर पेढे घेऊन भेटायला येतात, तेव्हा मी त्यांना आधी त्या दोन्ही हेल्मेटमधल्या थर्माकोलवर अंगठा दाबायला सांगतो.