पिरानेसीचे काल्पनिक तुरुंग : पहिली आवृत्ती की दुसरी?

अठराव्या शतकातला इटालियन मुद्राचित्रकार जोवान्नी बात्तिस्ता पिरानेसी याच्या ‘कार्चेरी’ (म्हणजे तुरुंग) या तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेल्या चित्रमालिकेची पहिली आवृत्ती रोममध्ये १७५०च्या सुमारास निघाली. तिच्यात १४ चित्रं होती. १७६१च्या दुसऱ्या आवृत्तीत ती १६ झाली. दुसरं आणि पाचवं नवीन. ओळखायची सोपी खूण म्हणजे चित्रांवरचे रोमन क्रमांक, ते दुसऱ्या आवृत्तीपासूनचे.

पहिलीतल्या रेषा हलक्या, टाकाने भरभर ओढल्यासारख्या; मध्ये कोरा कागद भरपूर. रेखाटन शिकणाऱ्याने हीच आधी पाहावी, कारण हात कसा फिरला ते इथे उघड दिसतं.

दुसरीसाठी त्याने तेच तांब्याचे पत्रे पुन्हा कोरले, आम्लाने रेषा खोल केल्या, जिने, तुळया, साखळदंड वाढवले. पुढचा भाग काळवंडला आणि मागच्या कमानी आणखी दूर गेल्या. या कामात मोठा धोका असतो: दाट रेषांमधलं तांबं आम्लाने खाऊन टाकलं, तर रुंद झालेल्या खड्ड्यातली शाई पुसताना निघून येते आणि काळ्याऐवजी करडा डाग उमटतो. ते सांभाळून मिळवलेला हा खोलपणा विलक्षण आहे. अवकाशाचा अभ्यास करायचा असेल तर मी बेलाशक दुसरीच निवडेन. चौदाव्या चित्रातला जिना नेमका कुठल्या कमानीत शिरतो, हे कोडं मात्र दोन्ही आवृत्त्यांत सुटत नाही.