भट्टीवर के-टाइप आणि पीटी-१००: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या हीट ट्रीटमेंटच्या कामात हार्डनिंगवर (पोलाद तापवून कडक करणं) के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान-सेन्सर) आणि टेंपरिंगवर (नंतर कमी तापमानावर ठिसूळपणा कमी करणं) तीन तारांचा पीटी-१०० (तापमानाबरोबर रोध वाढणारा प्लॅटिनमचा सेन्सर), ही जोडी उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढून गेली. दोन्ही सेन्सर चांगलेच आहेत. खरा घोळ होतो तो सेन्सरचं हेड (तारा जोडायची डबी) आणि कंट्रोलरचं पॅनल यांच्या मधल्या केबलमध्ये.

टेंपरिंगला २०० अंशांवर क्लास बी (अचूकतेचा दर्जा) पीटी-१०० ला चुकीची मुभा ±१.३ अंश, क्लास २ के-टाइपची ±२.५. म्हणून तिथे पीटी-१००च घ्या. फक्त दोन तारांचा नको: तारेचा रोध एक ओम वाढला की रीडिंग अडीच अंशांनी चढतं.

हार्डनिंगच्या ८५० अंशांना के-टाइप लागतो आणि त्याला त्याचीच, के-टाइपसाठी बनवलेली केबल लागते. पैसे वाचवायला साधी तांब्याची वायर ओढली, की हेड ७० अंश आणि पॅनल ३५ अंश असताना रीडिंग ३५ अंशांनी कमी दिसतं. कंट्रोलर भट्टी तेवढीच जास्त तापवतो आणि जॉबच्या (भट्टीतल्या भागाच्या) धातूचा दाणा वाढतो. योग्य केबल दोन्ही टोकांना उलटी (प्लस-मायनस अदलाबदल करून) जोडली गेली तर आणखी वाईट: रीडिंग व्यवस्थित चढतं, कुणाला शंका येत नाही, आणि फरक ७० अंशांचा पडतो. अमेरिकन रंगांत लाल तार मायनस असते, तिथेच वायरमन फसतो. सेन्सरच्या दोन तारांना चुंबक लावा. चिकटते ती मायनस.

इथल्या पावसात हेडमध्ये ओल शिरली की पीटी-१०० कमी दाखवू लागतो. ग्लँड (केबल हेडमध्ये शिरते ते तोंड) खालच्या बाजूला ठेवा, केबलला हेडखाली झोळ द्या आणि झाकणाचं रबर पावसाआधी बदला.

पीटी-१०० ची तपासणी मल्टिमीटरवर होते. आधी दोन लाल तारांमधला रोध मोजा, मग लाल-पांढरा मोजून त्यातून तो वजा करा. बर्फ-पाण्यात १०० ओम यायला हवेत. उकळत्या पाण्यात मात्र १३८.५ ची वाट बघू नका. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९७.५ अंशांच्या आसपास उकळतं, १३७.५ ओम आले की सेन्सर ठीक. निव्वळ याच कारणाने चांगला माल परत पाठवू नका.