३२ इंची टीव्ही, १४ महिने वापरून: चित्र गेलं, आवाज राहिला

अमळनेरला राहतो. घरी आई, आबा, आम्ही दोघं, मुलगी ७ ची आणि मुलगा साडेतीनचा. मुलगी ६ ची होईस्तोवर टीव्ही घेतलाच नव्हता. तत्त्व बित्त्व काही नाही, पैसे वाचत होते आणि वर चारचौघात सांगायला बरं वाटायचं. मग आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दिवसभर पडून काय करणार, म्हणून मागच्या मार्चात ११,९९० ला घेतला. स्पेक सगळ्यांना माहीतये, ते लिहत नाही. चित्र चांगलं, आवाज डब्यातला.

माझं डोकं फिरवलं ते एकाच गोष्टीनी. एपिसोड संपतो न संपतो तोच कोपऱ्यात ५, ४, ३ आणि पुढचा चालू!! पोराला "बंद कर" म्हणायला जागाच ठेवत नाही. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर कार्यक्रम संपला की बातम्या लागायच्या आणि बातम्या लागल्या की आम्ही आपोआप गल्लीत. त्या बातम्यांनी जेवढी पोरं खेळायला बाहेर काढली तेवढी कोणत्या मास्तरानी काढली नसतील. इथं बातम्या येतच नाहीत. हे ऑटोप्ले सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं हे मला पाचव्या महिन्यात कळलं, तोवर रोज संध्याकाळी रडारड. जागतिक आरोग्य संघटनेनी २०१९ मध्ये सांगून ठेवलंय, २ ते ४ वर्षाच्या मुलाला दिवसाला १ तासाच्या वर स्क्रीन नको, कमी असेल तेवढं चांगलं. आमच्याकडे तास जेवणातच संपायचा, कारण टीव्ही लावल्याशिवाय घास जात नव्हता. त्यात पोरगा आजीशी कार्टूनच्या हिंदीत बोलायला लागला, "दादीजी, मुसीबत!" आणि आई माझ्याकडे बघून, "हाई काय बोली ऱ्हायना?"

तेव्हा लिहिलं असतं तर १ स्टार दिला असता.

आता मेन. एप्रिलात लाईट गेली, आली, आणि टीव्हीचा नुसता आवाज, पडदा काळा. वॉरंटी १२ महिन्यांची, आमचा चालू तेरावा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. सर्व्हिसवाला आला, दोन मिनिटं बघितलं, म्हणे पॅनल गेलं, ७,८००. व्हिजिटचे ४०० वेगळे, आणि ते घेतलेच. मी म्हटलं भाऊ एवढ्यात वर थोडे टाकून नवा येईल, तर म्हणे मग नवाच घ्या ना. मी हट्टाला पेटलो, नवा घेणार नाही आणि ७,८०० पण देणार नाही.

तर तीन आठवडे टीव्ही तसाच होता. आई मात्र तिची सिरीयल सोडेना, काळ्या पडद्यासमोर बसून ऐकायची. पोरं शेजारी. पोरगा विचारायचा, आता कोण आलं, आणि आई अहिराणीत सांगायची, कोण आलं, कशी दिसते, साडी कोणती. तिला कुठं दिसत होतं, सगळं मनाचं. सासूला तिनी मिशी पण लावून दिली होती. पोरगा ऐकता ऐकता कळण्याची भाकरी ठेच्याशिवाय का होईना पण खायला लागला. मी दारात उभा राहून ऐकायचो, ऑफिसला दोनदा उशीर झाला.

मग स्टेशनाकडच्या एका मेकॅनिकनी मोबाईलचा टॉर्च पडद्यावर मारला, आत पुसटसं चित्र हलताना दिसलं. पॅनल शाबूत, मागच्या एलईडी पट्ट्या गेलेल्या. एका ओळीतला एक दिवा उडाला की अख्खी ओळ बंद पडते म्हणे. सगळ्या पट्ट्या बदलून ११०० घेतले. सेटिंगमध्ये बॅकलाईट, म्हणजे ह्या पट्ट्यांचा उजेड, १०० वर होता, तो ५० वर ठेवायला सांगितलं, उष्णता कमी झाली की पट्ट्या जास्त टिकतात आणि आपल्याकडचा उन्हाळा तर माहीतच आहे. म्हणजे तुमचा टीव्ही अजून चांगला असेल तर आजच बॅकलाईट उतरवा, आणि काळा पडला तर आधी टॉर्च मारून बघा, मगच कोणाला ४०० द्या.

आता ३ स्टार. जेवताना बंद ठेवतो, ऑटोप्ले बंद, रिमोट आबांच्या बंडीच्या खिशात, आबा झोपले की कोणाची हिंमत नाही.

चित्र परत आलं त्या दिवशी पोरगा सिरीयलमधल्या सासूकडं बराच वेळ बघत बसला. मग आजीला म्हणे, "हाई ती नही शे. तिची मिशी कुठंय?"